बाण कुठे लावायचा

४ जानेवारी

पट्टी,

पाकीट जाड आहे म्हणून दचकू नकोस, वकिलाकडून आलेलं नाही. आपलं त्या बाबतीतलं सगळं केव्हाच आटोपलंय. आत नमुन्याचे कागद आहेत. फोन केला असता, पण फोनवर आपण दोघं एकमेकांचं ऐकत नाही, नुसती आपापल्या पाळीची वाट बघतो. नवरा-बायको होतो तोवर ते खपून गेलं. आता नवरा-बायकोही नाही आणि भागीदारही नाही, तेव्हा निदान एकमेकांची वाक्यं तरी पुरी होऊ द्यावीत, म्हणून पत्र.

स्टुडिओला काम मिळालंय. (दारावर अजून दोघांच्या नावाची पाटी आहे. लगेच अर्थ काढू नकोस, बदलायला सवड झालेली नाही, एवढंच.) काम मोठ्या हॉस्पिटलचं. फाटकापासून शवागारापर्यंत सगळ्या पाट्या, बाण, दारावरचे आकडे, मजल्यांचे फलक. तू आता नाक मुरडणार, मला इथून दिसतंय. तुझी पोस्टर्स प्रदर्शनात लागतात आणि मी बाई शौचालयाची दिशा दाखवणार. पण ऐक तरी.

त्या इमारतीत तू कधी गेला नाहीस. एक जुनी इमारत आहे, तिला मागून चिकटवलेली एक नवी, आणि दोघींना जोडणारा एक पूल. तो जुनीच्या पहिल्या मजल्यावरून निघतो आणि नवीच्या दुसऱ्या मजल्यावर पोचतो. चढ आहे म्हणून असं होतं म्हणे. रोज शेकडो माणसं त्या पुलावर मधोमध उभी राहून कपाळाला आठ्या घालतात.

मी आठवडाभर काहीच काढलं नाही. नुसती माणसांच्या मागे फिरले. एकदोघांनी संशयाने वळून बघितलं, एका बाईंनी तर पर्स पोटाशी धरली. माझ्या लक्षात काय आलं सांगू? पाट्या कमी नाहीत, बक्कळ आहेत. भिंतीवर जिथे जागा रिकामी दिसली तिथे कुणीतरी कागद चिकटवलाय. ‘येथे रक्त तपासणी होत नाही.’ ‘हा रस्ता एक्स-रेकडे जात नाही.’ औषधांच्या खिडकीवर तर ‘येथे चौकशी करू नये.’ काय होत नाही ते सगळं लिहिलंय, होतं ते कुठेच नाही.

म्हणून सगळे रखवालदाराला विचारतात. मिशाळ गृहस्थ, मुख्य दाराशी खुर्ची टाकून बसलेले असतात. ते हनुवटीने रस्ता दाखवतात. हनुवटी थोडी वर म्हणजे वरचा मजला, डावीकडे म्हणजे डावीकडे, आणि दोनदा हलली की पूल. लोक मान डोलावून निघतात आणि पाच मिनिटांनी पुन्हा त्यांच्यापुढे येऊन उभे राहतात. मी पाट्यांचं काम करते म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. “मग मी कशाला बसायचं इथं?” म्हणाले.

तुझ्याकडून चित्रं हवीत. हृदय, हाड, बाळ, कान, डोळा. वाचता न येणाऱ्यांसाठी आणि वाचता येत असूनही त्या क्षणी न सुचणाऱ्यांसाठी. तुझ्याइतकी स्वच्छ रेघ कुणाची नाही (उगाच नाही कॉलेजात तू पट्टी आणि सतत खोडणारी मी खोडरबर झालो), हे मी घटस्फोटाच्या कागदावर सही करतानाही म्हणाले असते, कुणी विचारलं असतं तर.

आई बरी आहे. तुझीच आई. माझी म्हणून आता दुसरी कुणी उरलेली नाही, तेव्हा नुसतं आई म्हटलं तरी पुरतं. तिने माझी बाजू घेतली असं तू धरून बसलायस. तिने बाजूबिजू काही घेतलेली नाही, स्टुडिओवरची खोली सोडली नाही एवढंच. ‘खिडकी पूर्वेची आहे, मी कशाला जाऊ’ म्हणते. तू फोन करत नाहीस म्हणून ती करत नाही, आणि ती करत नाही म्हणून तू करत नाहीस. दोघांची नाकं सारखीच आहेत, लांब आणि वर.

हॉस्पिटलमध्ये मी आधीही दोनतीनदा गेले होते, सोबत म्हणून. तिथली अवस्था बघितली होती, म्हणून तर कामासाठी अर्ज केला. ते असो.

तुझी (व्यावसायिक अर्थाने),
खोडरबर


२९ जानेवारी

पट्टी,

चित्रं पोचली. सोबतचं प्रवचनही पोचलं. “पाट्या म्हणजे डिझाइन नव्हे, फर्निचर आहे.” वा! आणि खाली नेहमीचा मंत्र: उत्तम डिझाइन म्हणजे चालता माणूस थबकला पाहिजे. कॉलेजात असल्यापासून तू हे म्हणतोस आणि मी म्हणते, चालता माणूस चालत राहिला पाहिजे. याच वाक्यावर आपण प्रेमात पडलो आणि याच वाक्यावर भांडलो. तुझं ते बक्षीस मिळालेलं नाटकाचं पोस्टर आठवतं? गावातली सगळी माणसं त्यापुढे थबकली. नाटकाची तारीख मात्र कुणालाच सापडली नाही. तू ती पोस्टरमधल्या बाईच्या केसांत गुंफली होतीस.

हसून घेतलंस? आता माझी फजिती ऐक.

माझा पहिला नमुना फार देखणा झाला होता. बारीक अंगाची अक्षरं, राखाडी रंग, पांढऱ्यावर. भरपूर मोकळी जागा. प्रत्येक विभागाला एक मंद रंग. मी ते स्टुडिओच्या भिंतीवर लावून लांबून बघितलं आणि स्वतःवर खूश झाले. अधीक्षकबाईंनी (तिथल्या मुख्य डॉक्टर, झपाझप चालतात, झपाझप बोलतात) दोन मजल्यांवर कागदी पाट्या लावून बघायची परवानगी दिली. परीक्षेला मी आईला नेलं. तिला कामाचं सगळं सांगितलं होतं. तिला म्हटलं, “आई, मुख्य दारापासून डोळ्यांच्या विभागात जायचं. कुणालाही विचारायचं नाही. मी तिथेच भेटते.”

“विचारायचं का नाही? तोंड दिलंय की देवाने.”

“आज तोंड बंद, पाट्या वाचायच्या.”

मी डोळ्यांच्या विभागात जाऊन बसले. बसले, बसले. आई काही येईना. मग माझा धीर सुटला आणि मीच पळत सुटले. पुलावर नाही, जिन्यात नाही. शेवटी सापडली ती बाळंतिणींच्या वॉर्डात. खुर्चीत ऐसपैस बसलेली, मांडीवर कुणाचं तरी लालबुंद तान्हं बाळ, शेजारी बाळाची आजी, आणि दोघींच्या गप्पा अशा रंगलेल्या की जणू जन्माच्या मैत्रिणी.

“आई, हा डोळ्यांचा विभाग आहे का?”

“नाही ना? मलाही जरा शंका आली. पण मंडळी चांगली आहेत.”

घरी येताना तिने माझ्या डिझाइनची जी चिरफाड केली, तशी कॉलेजातल्या कुठल्या सरांनी केली नाही. “अक्षरं म्हणजे भिंतीवरचे ओरखडे वाटतात. ती मोकळी जागा तुला आवडते, मला वाटलं लिहायचं राहून गेलंय. आणि रंग रंग काय करतेस? निळी पाटी आणि हिरवी पाटी मला एकच दिसते.” एका वळणावर पाटीच नव्हती, कारण तिथे खांब होता आणि मला खांबावर पाटी लावणं कुरूप वाटलं. “नेमकं तिथेच तर प्रश्न पडतो ना गं,” ती म्हणाली, “डावीकडे की उजवीकडे? तू उत्तर दिलंस वीस पावलं पुढे गेल्यावर. तोवर मी वळून बसले होते.”

मी दोन दिवस फुगून होते. मग सगळं खोडलं. नाव सार्थ केलं.

आता तुझ्या चित्रांकडे वळू. कान उत्तम. हाड उत्तम. बाळ तर इतकं गोड की नर्सेसनी त्याची प्रत मागून घेतली. पण डोळा! रेघ काय आहे, आहाहा, एका झोकात काढलायस, मी फ्रेम करून ठेवीन. पण वेटिंगमधल्या दहाबारा जणांना दाखवला तर सगळे म्हणाले, मासा. एका काकांनी विचारलं, वर मत्स्यालय काढलंय का? तू पापण्या घालून पुन्हा काढशील हे मला माहीत आहे. नको घालूस, सूर्य दिसेल. चष्मा काढ. साधा, काड्या उघडलेला. आणि मूत्रपिंडही पुन्हा बघ, लोक काजू म्हणतात.

रागावू नकोस. माझी तर आख्खी इमारत चुकली, तुझे फक्त दोन अवयव.

खोडरबर


१७ फेब्रुवारी

पट्टी,

चष्मा पोचला आणि पहिल्या फटक्यात सगळ्यांना कळला. एका लहान मुलीने तर “आजोबांचा!” असं ओरडून सांगितलं. धन्यवाद.

तू विचारलंयस, आईला निळा आणि हिरवा एक का दिसतो. वयाचं असतं रे. म्हाताऱ्या माणसांना दिसतात तसे. त्यावर फार विचार करू नकोस.

परवा विश्वस्तांची बैठक झाली, ती सांगते. आता माझा नमुना अगदी साधा झालाय. जाड, ठसठशीत अक्षरं, गडद रंगावर पांढरी. प्रत्येक वळणावर एकच गोष्ट सांगायची, त्या वळणाला लागते तेवढी. सगळा नकाशा एका पाटीत कोंबायचा नाही. पुलाला ‘पूल’ हेच नाव, आणि त्याच्या दोन्ही टोकांना ‘तुम्ही आता दुसऱ्या मजल्यावर आहात’, ‘तुम्ही आता पहिल्या मजल्यावर आहात’. बस. एवढ्याने कपाळावरच्या आठ्या गेल्या. खांबावर पाटी लावली. कुरूप वगैरे काही दिसत नाही. जिथे पाहिजे तिथे असलेली वस्तू कुरूप दिसत नाही, हे मला या वयात कळलं.

पण अध्यक्षांना हे पसंत नव्हतं. फार भले गृहस्थ, कपडे कडक इस्त्रीचे. त्यांचं म्हणणं, ज्यांनी देणग्या दिल्या त्यांची नावं प्रत्येक पाटीवर हवीत, सोनेरी. त्यांनी स्वतःच एक नमुना करवून आणला होता. वर कुणाच्या तरी तीर्थरूपांचं नाव, पदवी, गाव, स्मरणार्थ, मधे वेलबुट्टी, आणि सगळ्यात खाली, मुंगीच्या अक्षरांत, ‘अपघात विभाग’.

“बाई, ह्यात भारदस्तपणा आहे,” ते म्हणाले. “तुमचं कसं, अगदीच बसस्टँड वाटतं.”

मी तोंड उघडणार तेवढ्यात दार उघडलं. एक माणूस आत डोकावला, हातात लघवीच्या तपासणीची बाटली. “इथेच द्यायची ना?”

“ही मीटिंग आहे!” अध्यक्ष कडाडले. तो बिचारा बाटली लपवत पळाला. अध्यक्षांनी पुन्हा सोनेरी रंगाचा मुद्दा हाती घेतला. पुन्हा दार. एक आजीबाई, मागे सून. “डॉक्टर, पोट दुखतंय हो,” आणि सरळ आत येऊन अध्यक्षांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. अध्यक्षांनी त्यांना समजावून बाहेर पाठवेपर्यंत तिसरा आला, त्याला प्लास्टर काढायचं होतं.

अधीक्षकबाई हसू दाबून म्हणाल्या, “रोजचं आहे हे. सगळ्या हॉस्पिटलात दिसेलसं दार एकच आहे, या मीटिंग रूमचं. पितळी पाटी आहे ना.”

अध्यक्षांनी आपला सोनेरी नमुना गुंडाळून बाजूला ठेवला. ते उगाच अडून बसणारे नाहीत, हे तेव्हा कळलं. त्यांनी मला विचारलं, “पण मग ज्यांनी दिलं त्यांना विसरायचं का? माझ्या वडिलांचं नाव आहे त्यात. त्यांनी पहिली वीट दिली.”

पट्टी, प्रश्न खरा होता. वडिलांचं नाव कुठेतरी दिसावं असं कुणाला वाटणार नाही? मग मी म्हटलं, “साहेब, घाईतल्या माणसाला कुठलंच नाव वाचता येत नाही. तुमच्या वडिलांचंही नाही. पण आत बागेला लागून जो व्हरांडा आहे, तिथे नातेवाईक तासन् तास बसतात. त्यांच्यापुढे कोरी भिंत आहे. ती द्या मला. तिथे सगळी नावं लावू. अशी, की माणूस एकेक नाव वाचेल आणि मनात म्हणेल, ही माणसं होती म्हणून आपलं माणूस आज इथे आहे.”

ते उठले, व्हरांड्यात गेले, बाकावर बसून त्या भिंतीकडे बघत राहिले. परत येऊन म्हणाले, “वेलबुट्टी तिथे चालेल?”

“तिथे जरूर चालेल,” मी म्हटलं.

ती भिंत मी तुझ्यासाठी राखून ठेवलीय. तिथे माणसांना थबकायला वेळ आहे. आणि एक्स-रेच्या खोलीचं दारही तुझंच. कारण तिथे, आणि फक्त तिथे, मला माणूस चालत राहिलेला चालणार नाही. गरोदर बाईने आत पाऊल टाकण्याआधी थांबलं पाहिजे. सध्या तिथे इतक्या बारीक अक्षरांत सूचना आहे की ती वाचण्यासाठी दारातच जाऊन उभं राहावं लागतं. मी तीनदा करून बघितलं. माझ्या सगळ्या पाट्या इतक्या शहाण्यासारख्या झाल्यात की त्यांच्याकडे बघून कुणी थांबत नाही. माणसाला हिसका देऊन थांबवणं मला येत नाही, तुला येतं. इतकी वर्षं आपण भांडलो ते उगाचच. कुठे थांबवायचं आणि कुठे जाऊ द्यायचं, एवढाच प्रश्न होता. ज्याला तो कळला त्याचं काम उत्तम.

बघ, लिहून दिलं. जपून ठेव.

खोडरबर


३ मार्च

पट्टी,

हे पत्र छोटं आहे आणि मी आईला दिलेला शब्द मोडून लिहितेय. तू पुन्हा विचारलंस म्हणून. नसतं विचारलंस तर कदाचित गप्प बसले असते.

आईला जवळजवळ दिसत नाही.

उजवा डोळा काचबिंदूने गेला ते तुला माहीतच आहे. आता डाव्यात मोतीबिंदू पिकलाय. हॉस्पिटलात मी सोबत म्हणून जात होते ती हिच्याबरोबर. गेल्या वर्षी तिने वाचणं सोडलं, सांगताना म्हणाली, हल्लीची पुस्तकं चांगली नसतात. मग शिवण सोडलं. जिन्याच्या पायऱ्या ती पायाने चाचपते आणि मी बघतेय असं कळलं की गुणगुणायला लागते. त्या दिवशी बाळंतिणींच्या वॉर्डात ती का पोचली, ते माझ्या अक्षरांमुळेही होतं आणि तिच्या डोळ्यामुळेही. मी तुला त्यातला विनोद तेवढा लिहिला.

मोतीबिंदूचं ऑपरेशन हल्ली किरकोळ असतं, हे सगळे सांगतात. पण हा तिचा एकच डोळा आहे आणि त्यातही काचबिंदूची सुरुवात आहे. डोळ्यांचे डॉक्टर तरुण आहेत, स्पष्ट बोलतात. “होईल चांगलं असं मला वाटतं. पण वचन देत नाही,” म्हणाले. आईने त्यांना विचारलं, “नाही केलं तर?” ते म्हणाले, “तर वर्षभरात अंधार.” ती म्हणाली, “मग विचारायचं काय त्यात? करा.”

बाहेर आल्यावर मला म्हणाली, “त्याला कळवायचं नाही. दया आली म्हणून आलेला पोरगा मला नको.” मी हो म्हटलं.

ऑपरेशन अठरा तारखेला सकाळी. नवी इमारत, तिसरा मजला. ये असं मी म्हणत नाही, ते म्हणायचा हक्क माझ्याकडे नाही. येऊ नको असंही म्हणत नाही.

मला भीती वाटतेय रे. दिवसभर पाट्यांच्या पत्र्यांना भोकं कुठे पाडायची ते सांगत फिरते आणि मधेच कुठली पाटी हातात आहे तेच विसरते.

खोडरबर


२ एप्रिल

पट्टी,

नीट पोचलास हे कळलं. टॉवेल इथेच विसरलायस. आईने धुऊन, घडी करून ठेवलाय आणि त्याचा काठ उसवलाय हे तिला स्वतःला दिसलं, याचंच तिला कौतुक.

तू इथे होतास तेव्हा तुझ्या पाठीमागे जे झालं तेवढंच लिहिते. बाकी तू बघितलंच आहेस.

पहिलं म्हणजे, तू वॉर्डात शिरलास तेव्हा मी कोपऱ्यात होते. तुला बघून माझ्या हातातला पेला कलंडला. आईचा एक डोळा निकामी, दुसऱ्यावर पट्टी. तू पलंगाशी उभा राहिलास. ती म्हणाली, “कोण ते? उभं कशाला, खुर्ची असेल की.” तू “आई” म्हणालास. ती म्हणाली, “घसा बसलाय तुझा. प्रवासात खिडकी उघडी ठेवली असशील.” मग तू खुर्ची ओढलीस, आणि दोघंही हवापाण्याबद्दल असे बोलत बसलात की जणू कालच भेटला होतात. मला वाटलं, एवढंच? इतक्या वर्षांच्या अबोल्याचा शेवट खिडकीवर?

पण तू चहा आणायला गेलास ना, तेव्हा तिने माझा हात धरला. घट्ट. म्हणाली, “कसा दिसतो आता? जाड झालाय?” मी म्हटलं, थोडा. “केस?” मी म्हटलं, गेले पुढचे. ती हसली. मग म्हणाली, “तू कळवलंस.” मी म्हटलं, हो. “बरं केलंस हं,” म्हणाली, “मी रागावणार आहे, पण नंतर.” अजून रागावलेली नाही. आणि दुसऱ्या दिवशी पट्टी सोडायच्या आधी तिने माझ्याकडून वेणी घालून घेतली आणि बजावलं, “त्याला समोर उभं कर. आधी भिंत दिसायला नको.” म्हणून मी तुला ढकलून पुढे उभं केलं. तुला वाटलं मला जागा हवी होती.

पट्टी सुटल्यावर तिने तुझ्याकडे किती वेळ बघितलं, ते तू अनुभवलंस. “शर्टाची बटणं वरखाली लागलीत” हे वाक्य मी कधी विसरणार नाही. पण तू खाली मान घालून बटणं लावत होतास तेव्हा तिचा चेहरा तुला दिसला नाही. मला दिसला. तो मी तुला पत्रातून दाखवू शकत नाही, तुझ्यासारखी रेघ माझ्याकडे नाही.

मग तिने माझ्याकडे मान वळवली. “अगं, तू एवढी पिकलीस कधी?” आनंदात मीठ कालवायची तिची हातोटी काही जात नाही.

दुसरं. संध्याकाळी मी तुला विचारलं, “वॉर्डपर्यंत कसा आलास?” तू म्हणालास, “आलो सरळ.” मी विचारलं, “पाट्या कशा वाटल्या?” आणि तू, जानेवारीपासून मला चित्रं काढून देणारा तू, म्हणालास, “अगं हो की! बघायच्याच राहिल्या.” मी हूं म्हणून गोदामात गेले. तिथे आधी मला राग आला. मग इतकं हसू आलं की उरलेल्या पत्र्यांच्या गठ्ठ्यावर बसून घ्यावं लागलं. आईच्या काळजीने अर्धमेला झालेला माणूस फाटकातून आला, जिना चढला, पूल ओलांडला, तिसऱ्या मजल्यावर तिच्या पलंगाशी पोचला आणि वाटेत त्याने एकदाही कुणाला विचारलं नाही. त्याला आईशिवाय काही दिसलंच नाही. माझ्या आयुष्यात याहून मोठं प्रशस्तिपत्रक मला मिळालेलं नाही, आणि ते देतोयस हे तुला कळलंही नाही.

तिसरं तुझं आहे. परवा एक्स-रेच्या दाराशी मी स्क्रू घट्ट करत होते. एक बाई मुलाला घेऊन आली, मुलाचा हात मोडलेला, मुलगा रडून बेजार. आईला सोडेना. आतल्या माणसाने हाक मारली, बाई त्याला उचलून निघाली. तुझी ती लाल पाटी, पोटाशी हात धरलेल्या बाईची, समोर आली आणि बाईचा पाय उचललेला तिथेच राहिला. खरंच थबकली. तिने स्वतःच्या पोटाकडे बघितलं. अजून दिसण्यासारखं काही नव्हतं, मला तर कळलंही नसतं. मग तिने मुलाला नवऱ्याच्या खांद्यावर दिलं, “तू जा याच्याबरोबर,” म्हणाली. नवऱ्याने विचारलं, “का गं?” ती नुसती त्या पाटीकडे बघत राहिली. नवऱ्याने पाटी बघितली, मग तिला बघितलं. त्याला तिथेच, त्या दारात कळलं, बहुतेक. मुलगा भोकाड पसरत होता आणि बाप वेड्यासारखा हसत होता. आत एक्स-रेवाला ओरडतोय, “येताय की नाही?”

तुझ्या सगळ्या बक्षिसांपेक्षा मला हे मोठं वाटलं. अधीक्षकबाईंना सांगितलं, तर त्या इतकंच म्हणाल्या, “तुमच्या त्या पट्टीसाहेबांना कळवा.” कळवलं.

रखवालदार आता मोकळे झालेत. त्यांना कुणी काही विचारत नाही म्हणून आठवडाभर सुतक पाळल्यासारखे बसले होते. मग अधीक्षकबाईंनी त्यांना चाकाच्या खुर्च्या ढकलायचं काम दिलं. आता ते पेशंटला ढकलत नेताना वाटेतली प्रत्येक पाटी मोठ्याने वाचून दाखवतात आणि सांगतात, ही आमच्या इथलीच आहे.

दारावरच्या पाटीबद्दल तू जाताना काही बोलला नाहीस, मीही नाही. मला ती तशीच बरी वाटते. पुन्हा एका घरात राहावं असं मला वाटत नाही, तुलाही वाटत नसणार. मी सकाळी उठते, खिडकी उघडते, चहा करून वर नेते, मग खाली येऊन टेबलाशी बसते आणि दिवसभर माझं मी खोडत राहते. मी सुखी आहे, पट्टी. हे कुणाला तरी सांगायचं होतं, आणि त्याचा चुकीचा अर्थ न काढणारा तू एकटाच आहेस. व्हरांड्यातल्या भिंतीचं काम तेवढं लवकर पाठव, अध्यक्ष रोज विचारतात.

आता मुख्य गोष्ट. आई तुझ्याकडे येतेय. मी विचारलं, सोडायला येऊ का, तर माझ्यावर डोळे वटारले. आता वटारता येतात ना. एकटी येणार म्हणते, महिनाभर राहणार, आणि तुझं घर बघून काय काय बदलायचं ते सांगणार. तिची बॅग भरून झालीय. तीत तुझा टॉवेल आहे आणि माझ्या कपाटातलं अर्धं सामान आहे. येत्या रविवारी दुपारची गाडी. डॉक्टरांनी परवानगी दिलीय, थेंब कधी घालायचे ते तिला पाठ आहे, तरी तू बघ.

फलाटावर वेळेवर जा. मी तिला म्हटलं, गर्दी असेल, पट्टीला तुझ्या नावाची मोठी पाटी धरून उभा राहायला सांगते, मीच करून पाठवते. तर म्हणाली, “काही नको पाटीबिटी. त्याला म्हणावं, तू फक्त उभा राहा. पोरगा ओळखण्याइतकं मला आता दिसतं.”

खोडरबर